गठ्ठा बांधून पाठवायचा: न्यूजग्रुपचे लेख लांबच्या सर्व्हरवर कसे पोचतात

गुगलने २२ फेब्रुवारी २०२४ ला गुगल ग्रुप्समधला यूजनेटचा, म्हणजे न्यूजग्रुप नावाच्या चर्चागटांच्या जगभर पसरलेल्या जुन्या जाळ्याचा, सपोर्ट बंद केला. म्हणजे जुने मेसेज अजून वाचता येतात पण नवीन मेसेज तिथे येतही नाहीत आणि तिथून जातही नाहीत. तेव्हापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "यूजनेट बंद झालं ना रे?" नाही झालं. एक खिडकी बंद झाली, घर तसंच आहे. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, कारण ते घर उभं कशावर आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं, एका सर्व्हरवरचा लेख दुसऱ्या सर्व्हरवर जातो तरी कसा, मध्ये कोण बसलंय, तो बंद पडला तर काय.

मी कोथरूडमध्ये घरी एक छोटा न्यूज सर्व्हर चालवतो. त्याची देवाणघेवाण जर्मनीतल्या एका सर्व्हरशी आहे, आणि रोज दोघांमध्ये लेखांच्या बॅचेस, म्हणजे गठ्ठे, जातात येतात. हे काम नक्की कसं चालतं ते अगदी मुळापासून सांगतो, कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसली तरी चालेल.

आधी चार शब्द

न्यूजग्रुप म्हणजे एका विषयाची चावडी, नाव टिंबं देऊन लिहितात, उदाहरणार्थ सॉक.कल्चर.इंडियन.मराठी, किंवा शास्त्रीय संगीतवाल्यांचा रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल. तिथे टाकलेल्या मेसेजला आर्टिकल म्हणतात, मी लेख म्हणतो. हे लेख साठवणारं आणि पुढे देणारं मशीन म्हणजे न्यूज सर्व्हर. आणि ज्या दुसऱ्या सर्व्हरशी आपण लेखांची देवाणघेवाण ठरवलेली असते तो आपला पिअर. बास, एवढं पुरे.

महत्त्वाची गोष्ट अशी की मधोमध कुणीच नाहीये. व्हॉट्सॅपचा मेसेज कंपनीच्या सर्व्हरमधून जातो, इथे तशी कंपनीच नाही. मी लेख माझ्या सर्व्हरवर टाकतो, माझा सर्व्हर तो पिअरला देतो, पिअर त्याच्या पिअर्सना देतो, असं करत तो सगळीकडे पसरतो आणि प्रत्येकाकडे त्याची स्वतःची पूर्ण कॉपी राहते. म्हणून कुठला एक मोठा सर्व्हर बाहेर पडला तरी बाकीच्यांचं काम थांबत नाही.

आता प्रश्न उरतो तो फक्त "देतो" या शब्दाचा. देतो म्हणजे काय करतो?

काकांचं एसटीडी बूथ

आमच्या शेजारचे काका नव्वदच्या दशकात कर्वे रोडला एसटीडी पीसीओ चालवायचे. त्यांना मी हे सगळं समजावत होतो तर त्यांना माझ्याही आधी कळलं, कारण या पद्धतीचा जन्मच फोनच्या बिलातून झालाय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, तेव्हा परगावी फोन लावायचा तर दिवसा फुल रेट आणि रात्री अकरानंतर पाव रेट, त्यामुळे अकरा वाजले की बूथबाहेर लाईन. काका म्हणाले, "अरे एक बाई यायच्या, मुलगा नागपूरला होता. आठवडाभर काय काय सांगायचं ते कागदावर लिहून आणायच्या. दिवसातून चारदा फोन लावला तर चारदा 'हॅलो, कोण बोलतंय, ऐकू येतंय का' मध्येच पैसे जातात."

हीच बॅच. त्या बाईंनी शोधलेली.

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांची, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीतल्या स्टीव्ह बेलोविनने त्याचे पहिले प्रोग्रॅम लिहिले. तेव्हा बहुतेक कॉम्प्युटर एकमेकांना कायमचे जोडलेले नव्हते. एका कॉम्प्युटरने मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावायचा, फायली द्यायच्या, घ्यायच्या आणि फोन ठेवायचा. हे करणारा प्रोग्रॅम म्हणजे यूयूसीपी, बेल लॅब्जमध्ये माईक लेस्कने बनवलेला. सुरुवातीला अंदाज असा होता की दिवसाला थोडेसेच लेख येतील, त्यामुळे एकेक लेख सुटा पाठवला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग लेख वाढले. प्रत्येक लेखासाठी वेगळी फाईल, वेगळी ऑर्डर, पलीकडे प्रत्येक लेखाला प्रोग्रॅम नव्याने सुरू करायचा, म्हणजे त्या बाईंचे "हॅलो ऐकू येतंय का" दिवसातून शंभर वेळा. तेव्हा लोकांनी लेख एकत्र बांधायला सुरुवात केली आणि रात्री फोन स्वस्त झाला की गठ्ठा सोडायचा.

आपल्याकडेही एर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क १९८६ ला सुरू झालं तेव्हा सुरुवातीची मेल अशाच डायल करून जोडणाऱ्या यूयूसीपीवरून गेली. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते व्हीएसएनएलकडून, १५ ऑगस्ट १९९५ ला.

गठ्ठा बांधतात तरी कसा

पहाटे अप्पा बळवंत चौकात पेपरचे गठ्ठे सुटत असताना बघितलंय का कधी? सुतळी कापायची, आणि वर चिठ्ठी असते ती बघून मोजायचं. न्यूजची बॅच अगदी तशीच, फक्त इथे चिठ्ठी गठ्ठ्यावर एक नसते तर प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एक असते. एक ओळ, हॅश, उद्गारचिन्ह, मग आरन्यूज हा शब्द आणि मग एक आकडा. समजा आकडा २४१७ असेल तर त्याचा अर्थ, या ओळीनंतरचे बरोबर २४१७ बाइट्स म्हणजे एक लेख. ते मोजून घे, त्याच्यापुढे परत अशीच चिठ्ठी असेल, ती वाच, परत मोज, असं शेवटपर्यंत. आरन्यूज हे पलीकडे गठ्ठा सोडणाऱ्या प्रोग्रॅमचंच नाव आहे.

एवढं साधं आहे आणि तरी याच एका आकड्यावर मी आठवडाभर अडकलो होतो. ते सांगतोच कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, जुने साठवलेले लेख बॅचमध्ये बांधून सर्व्हरला द्यायची. इंग्रजी लेखांवर टेस्ट केली, शंभर टक्के चालली. मग मराठी लेख घातले तर पहिला मराठी लेख आला की त्याच्यापुढची सगळी बॅच कचरा. आधीचे इंग्रजी लेख व्यवस्थित, मराठी लेख अर्धवट कापलेला आणि त्याच्यामागचे चांगले लेखही गायब, सगळे खराब बॅचच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलेले. कारण काय, तर माझी स्क्रिप्ट अक्षरं मोजत होती आणि चिठ्ठीवर बाइट्स लिहायचे असतात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट म्हणून फरक दिसत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे आज अक्षरं साठवायची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट्स लागतात. "पुणे" लिहिलं की प, उकार, ण, मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट्स. मी चिठ्ठीवर लिहिलं ४, पलीकडच्याने ४ मोजून घेतले, म्हणजे प पुरा आणि उकाराचा एक तुकडा, आणि मग तिथून पुढे नवीन चिठ्ठी असेल म्हणून बघायला गेला तर हातात उरलेला उकार.

पेपरवाल्याला ५० लिहून १५० चा गठ्ठा दिला तर तो निदान डोळ्यांनी बघून ओळखेल. मशीनला चिठ्ठी म्हणजेच सत्य. म्हणून मराठी, हिंदी, कुठल्याही आपल्या भाषेत काही बांधून पाठवणारा प्रोग्रॅम लिहिताना टेस्टमध्ये पहिला लेख देवनागरीचा घाला. जुन्या लोकांना हा त्रास नव्हता कारण नव्वदच्या दशकात तिकडे मराठी रोमन लिपीतच लिहायचे, आयट्रान्ससारखी पद्धत वापरून. आता आपल्याला आपल्या लिपीत लिहिता येतंय तर मोजणीही आपल्या लिपीला धरून व्हायला पाहिजे, एवढं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

बांधल्यावर गठ्ठा दाबायचा, म्हणजे कॉम्प्रेस करायचा. इथे एकत्र बांधण्याचा अजून एक फायदा होतो, प्रत्येक लेखाच्या वर त्याच त्याच मथळ्याच्या ओळी असतात, कुणाकडून, कुठल्या ग्रुपला, कधी, तर एकेक लेख वेगळा दाबला तर ती पुनरुक्ती दिसतच नाही, आणि सगळे एकत्र दाबले की त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी जवळजवळ फुकटात जातात. साधा मजकूर मिळून निम्म्याच्या आसपास येतो.

मग एकच मोठा गठ्ठा का नाही बांधत?

काकांनी हाच प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, "लाईन कट झाली की गेलं सगळं."

हिशोब करून बघा. १२०० बिटचा मोडेम सेकंदाला साधारण १२० बाइट्स पाठवतो. ५०,००० बाइट्सची बॅच जायला ७ मिनिटं लागतात. ५ लाखांची केली तर ७० मिनिटं, आणि ६५ व्या मिनिटाला लाईन कटली तर तेव्हाच्या बऱ्याच सिस्टिम्समध्ये ती फाईल पहिल्यापासून पाठवायची, फोनचं बिल मात्र ६५ मिनिटांचं. त्यामुळे पन्नास ते शंभर हजार बाइट्सच्या आसपास एक बॅच, आणि अशा अनेक बॅचेस एका फोनमध्ये, असा मधला मार्ग निघाला. लाईन गेली तर नुकसान एका गठ्ठ्याचं.

आजची बॅच म्हणजे वेगळीच गोष्ट आहे

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आजही न्यूज सर्व्हर चालवणारे "बॅच फाईल" म्हणतात पण त्या फाईलमध्ये लेख नसतातच! त्यात असते यादी. ओळीला एक लेख, तो आपल्या डिस्कवर कुठे ठेवलाय त्याचा पत्ता आणि त्याचा मेसेज-आयडी. मेसेज-आयडी म्हणजे लेखाचा जगात एकमेव असा नंबर, लेख जन्मला तेव्हा मिळतो आणि कुठल्याही सर्व्हरवर गेला तरी बदलत नाही.

हा बदल झाला कारण फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी नावाचा प्रोटोकॉल मांडला. प्रोटोकॉल म्हणजे दोन मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे ठरलेले नियम. फोनऐवजी कायम जोडलेलं इंटरनेट असेल तर गठ्ठा न बघता फेकायची गरज नाही, आधी विचारता येतं. "माझ्याकडे अमुक नंबरचा लेख आहे, तुला हवाय?" या कमांडचं नावच आयहॅव आहे. पलीकडून आकड्यात उत्तर येतं, ३३५ म्हणजे पाठव, ४३५ म्हणजे नको माझ्याकडे आहे, ४३६ म्हणजे आत्ता जमत नाही नंतर ये, ४३७ म्हणजे घेणार नाही आणि परत आणूही नको. पाठवला आणि नीट पोचला की २३५.

आमच्या सोसायटीत दिवाळी अंक फिरतात. वर्गणी काढून दहा पंधरा घेतो आणि प्रत्येक अंकाच्या मागे एक कागद चिकटवलेला असतो, ज्याचं वाचून झालं त्याने फ्लॅट नंबर टाकायचा. अंक पुढे द्यायला निघालो की आधी कागद बघायचा, समोरच्याचा नंबर त्यावर असेल तर जिना चढायचाच नाही. नसेल तर बेल वाजवून विचारायचं, "हा अंक वाचलात का?", कारण असंही होतं की त्यांनी दुसरीकडून वाचलेला असतो. यूजनेटच्या लेखावर तो कागद खरंच असतो, त्याला पाथ म्हणतात, लेख कुठल्या कुठल्या सर्व्हरमधून आला त्यांची नावं त्यात ओळीने असतात. पिअरचं नाव त्यात दिसलं तर माझा सर्व्हर तो लेख त्याच्या यादीत टाकतच नाही. आणि नाव नसलं तरी बेल वाजवून विचारणं आहेच.

"आता फायबर आहे, विचारत बसायला काय जातं?"

जातं. वेळ जातो आणि तो कितीही महागडा प्लॅन घेतला तरी वाचत नाही.

पुण्यापासून जर्मनी सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन १३ हजार किलोमीटरला निदान ६५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, समुद्रातून वळसे घेते, मध्ये उपकरणं असतात, तर आपण १५० धरू. आयहॅव पद्धतीत एका लेखाला दोन फेऱ्या, हवाय का विचारलं आणि उत्तर आलं ही एक, लेख पाठवला आणि पोच आली ही दुसरी. १००० लेख असतील तर २००० फेऱ्या, गुणिले ०.१५ सेकंद, म्हणजे ३०० सेकंद. ५ मिनिटं नुसती वाट बघण्यात, त्यात लेख पाठवायचा वेळ धरलेलाच नाही. लाईन १०० एमबीची असो नाहीतर १०००, हे ३०० सेकंद तसेच राहणार, कारण रस्ता रुंद केला म्हणून मुंबई जवळ येत नाही.

उपाय असा निघाला की उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही. याला स्ट्रीमिंग म्हणतात आणि २००६ मध्ये त्याचे नियम अधिकृत लिहून झाले, वापर मात्र आधीपासून होता. यात चेक नावाची कमांड आहे, तिने एकापाठोपाठ एक नंबर विचारत सुटायचं, पहिल्याचं उत्तर यायच्या आत पन्नासावा विचारून झालेला असतो. उत्तरं येतील तशी यायला लागतात, आणि ज्यांना हो आलं ते लेख टेकधिस या कमांडने लगेच पाठवायचे, त्याचीही पोच मागाहून येऊ दे. दुकानदार फोनवर यादी घेतो तसं, साखर आहे का, बरं, डाळ आहे का, बरं, असं प्रत्येक वस्तूला थांबण्यापेक्षा अख्खी यादी वाचून दाखवायची आणि त्याने सांगायचं कशाकशाला नाही. वाट बघण्याची ५ मिनिटं काही सेकंदांवर येतात.

म्हणून मी म्हणतो बॅच ही जुन्या काळाची अडचण नव्हती. आधी फोनचा पैसा वाचवायचा होता, आता फेरीचा वेळ वाचवायचाय, दोन्हीकडे महाग आहे ते दर वेळी नव्याने सुरुवात करणं.

गुरुवार

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार सांगायला नको. मेंटेनन्सला लाईट जाते, पाण्याचंही कधीकधी तेव्हाच. माझा सर्व्हर दर काही गुरुवारी सकाळी बंद पडतो, छोटा यूपीएस आहे तो अर्धा तास खेचतो फक्त. आणि बॅचची खरी परीक्षा तेव्हा होते.

मी बंद असताना जर्मनीत लेख येतच असतात. तिकडचा सर्व्हर माझ्या नावाच्या बॅच फाईलमध्ये ओळी लिहीत जातो, ठराविक वेळाने मला हाक मारतो, मी ओ देत नाही, तो गप परत जातो आणि फाईल वाढत राहते. संध्याकाळी लाईट आली की पुढच्या हाकेला मी ओ देतो आणि फाईलमधलं एकेक विचारत तो रिकामी करत जातो. मला काहीही करावं लागत नाही. सुरुवातीला मी घाईघाईने येऊन काय काय तपासायचो, आता चहा ठेवतो.

पण यात एक बारीक जागा आहे. फाईल वाचून पाठवणं चालू असताना नवीन लेख येतच असतात, ते कुठे लिहायचे? त्याच फाईलमध्ये लिहिले आणि पाठवून झाल्यावर फाईल पुसली तर मधल्या वेळात लिहिलेले न पाठवताच पुसले जातील. आयएनएन हे सर्व्हर सॉफ्टवेअर, जे रिच साल्झने १९९२ मध्ये आणलं आणि आजही जोमाने वापरात आहे, त्यात याची रीत ठरलेली आहे. आधी फाईलचं नाव बदलायचं, मग मुख्य सर्व्हरला सांगायचं की फ्लश कर, म्हणजे हातातली फाईल सोड आणि जुन्या नावाने नवीन फाईल उघड. क्रम महत्त्वाचा. नळाखालची भरलेली बादली सरकवून रिकामी लावतो ना आपण, पाणी चालूच असतं, तसं, थेंब सांडत नाही कारण प्रत्येक थेंब एका ना एका बादलीत पडतोच. मग सरकवलेली बादली निवांत पाठवायची.

"मध्येच तुटलं तर अर्धे लेख दोनदा जाणार नाहीत का?"

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. समजा यादीत ८०० लेख आहेत आणि ३१२ पोचल्यावर कनेक्शन तुटलं. पाठवणारा प्रोग्रॅम, त्याचं नाव आयएनएन-एक्समिट, उरलेल्यांची फाईल नव्याने लिहून ठेवतो. ज्यांना "नंतर ये" उत्तर आलं होतं तेही त्यात राहतात. पुढच्या वेळी तिथून सुरुवात.

अडचण फक्त ३१३ व्या लेखाची. तो मी पूर्ण पाठवला, आणि पोच यायच्या आत तार तुटली. आता तो पोचला का नाही? मला कळायला मार्गच नाही. पोचला असेल आणि पोच वाटेत हरवली असेल, किंवा लेखच हरवला असेल, माझ्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी दोनच पर्याय, पोचला धरायचा आणि चुकला तर लेख कायमचा गेला, किंवा पोचला नाही धरून परत विचारायचं. यूजनेट दुसरा घेतं, आणि तो घेण्याची हिंमत मेसेज-आयडीमुळे आहे. पलीकडच्याकडे आलेल्या सगळ्या नंबरांची एक वही असते, हिस्ट्री म्हणतात तिला. मी परत विचारलं की तो वही बघतो आणि म्हणतो ४३५, आहे माझ्याकडे. वाया गेली ती एक फेरी. लेख दोनदा दिसणार नाही आणि हरवणारही नाही.

बँकेचं ॲप "प्रोसेसिंग" वर अडकल्यावर आपण परत पैसे पाठवायला घाबरतो, कारण दोनदा गेले तर? तिथेही आत प्रत्येक व्यवहाराला नंबर असतो आणि सिस्टिम नीट बांधलेली असेल तर त्याच नंबरवर परत विचारणं सुरक्षित असतं. विचार तोच आहे.

वहीची पानं संपतात तेव्हा

हिस्ट्रीची वही कायम वाढू देता येत नाही, म्हणून जुने नंबर काही दिवसांनी खोडतात. आयएनएनमध्ये मुळात ठरलेला आकडा ११ दिवस. मग कुणी महिनाभर जुना लेख परत आणून दिला तर वहीत नंबर नसल्याने तो नवीन समजून घेतला जाईल आणि पुन्हा सगळीकडे फिरेल. ते टाळायला दुसरा नियम, १० दिवसांपेक्षा जुना लेख दारातूनच परत, ४३७. दहा आणि अकरा ही जोडी मुद्दाम तशी आहे, वहीत नेहमी दारापेक्षा एक दिवस जास्त.

हे मला माहीत होतं पण माझ्याच बाबतीत लागू होईल हे डोक्यात नव्हतं. एका दिवाळीला गावी गेलो, मशीन बंद करून गेलो आणि मुक्काम लांबला, १२ दिवस झाले. परत येऊन चालू केलं, जर्मनीतून सगळा साठा यायला लागला आणि पहिल्या दोन दिवसांचे लेख माझ्याच सर्व्हरने जुने म्हणून नाकारले. ४३७ म्हणजे परत आणू नको, त्यामुळे तिकडच्याने ते यादीतून काढूनही टाकले. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि तरी लेख गेले. त्या दोन दिवसांत संगीताच्या ग्रुपवर एका जुन्या मैफिलीची मोठी चर्चा होऊन गेली होती, मला फक्त तिची शेवटची उत्तरं दिसत होती. मग दोन्ही आकडे वाढवले, आधी वहीचा आणि मग दाराचा, आणि साध्या वाचकासारखं तिकडे जाऊन ते लेख ओढून आणले. आता बाहेरगावी जायचं असलं की निघायच्या आधी आकडे वाढवतो.

"असं कुणीही काहीही पाठवलं तर?"

कुणीही नाही पाठवू शकत. माझ्या सर्व्हरवर एक यादी आहे, त्यातलाच पिअर मला फीड, म्हणजे लेखांचा पुरवठा, देऊ शकतो, बाकी कुणी आयहॅव म्हणत आला तर ऐकून घेतलं जात नाही. पिअरिंग हा दोन माणसांमधला शब्द असतो, मेल करून ठरवलेला, कुठले ग्रुप द्यायचे, किती मोठे लेख घ्यायचे. मी फक्त मजकुराचे ग्रुप घेतो, मोठ्या फायली फिरवणारे ग्रुप नाही, आणि लेखाच्या आकाराला मर्यादा ठेवलीय, त्यामुळे घरच्या कनेक्शनवर आणि एका छोट्या, एकाच बोर्डाच्या कॉम्प्युटरवर सगळं मावतं.

पण पिअर प्रामाणिक असला तरी त्याच्या वापरकर्त्यांपैकी कुणी कचरा टाकला तर तो येतोच. १९९४ च्या एप्रिलमध्ये दोन अमेरिकन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो ग्रुपवर टाकली तेव्हापासून हा प्रश्न आहे, आणि गुगलने सपोर्ट बंद करताना दिलेल्या कारणांमध्येही स्पॅम होताच. यावर उपाय प्रत्येकाने आपल्या दारात चाळणी लावायची हाच. मधोमध कुणी नाही म्हणून पूर्ण साफ करणारंही कुणी नाही, ही किंमत आहे आणि मला ती मान्य आहे. माझी चाळणी मी ठरवतो, तुमची तुम्ही ठरवा, मी अडवलेला लेख तुमच्याकडे तरीही पोचू शकतो.

आज कुठे बघता येईल

कुणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर जुना लॅपटॉप पुरतो. लिनक्स टाका, आयएनएन टाका, आणि पिअर मिळायच्या आधी घरातल्याच दोन मशीनवर दोन सर्व्हर करून एकमेकांचे पिअर करा. मग एकाचं नेट काढा, दुसऱ्यावर पाच सहा लेख टाका, त्यातला एक मराठीत, आणि आउटगोइंग फोल्डरमधली फाईल उघडून बघा. पाच सहा ओळी दिसतील. नेट जोडा, थोडं थांबा, आणि परत बघा.

या गुरुवारी सकाळी साडेनऊला लाईट गेली, साडेचारला आली. काका वर आले होते, त्यांना स्क्रीनवर दाखवलं, एकेक नंबर वर सरकत होता आणि समोर पोच येत होती. सगळं मिळून मिनिटभरही नसेल लागलं. काकांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं, "आणि हे दिवसा, फुल रेटला?"